पाणपक्ष्यांसाठी कॅमेरा घ्यायचाय: डीएसएलआर की सुपरझूम?

प्रश्न : मी निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ४१. नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य जवळच असल्याने चार वर्षांपासून पक्षी बघायचा नाद लागलाय. वर्गातल्या मुलांनाही घेऊन जाते. मोबाइलमध्ये पक्षी नुसता ठिपका दिसतो, म्हणून कॅमेरा घ्यायचा आहे. दुकानात दोन दाखवले. कॅनन ईओएस १५००डी हा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, १८-५५ लेन्ससह ४३,००० रुपयांना, आणि कॅनन पॉवरशॉट एसएक्स७० हा ६५ पट झूमचा, एकाच पक्क्या लेन्सचा सुपरझूम कॅमेरा ४८,००० रुपयांना. भाचा म्हणतो, "मावशी, डीएसएलआरच घे, ती गुंतवणूक आहे. बारशा-वाढदिवसांच्या ऑर्डरी घेतल्यास तर पैसे वसूल होतील." हातात पगार ५८,००० येतो. गृहकर्जाचा हप्ता १४,५००, घरखर्च साधारण ३५,०००. मिस्टरांची द्राक्षबाग आहे, पण तो पैसा वर्षातून एकदाच येतो आणि किती येईल ते सांगता येत नाही. बचत खात्यात ६५,००० आहेत. मुलाच्या बारावीनंतरच्या प्रवेशासाठी १,२०,००० ची मुदत ठेव आहे, तिची मुदत पुढच्या जूनमध्ये संपते. दुकानदार कार्डावर बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय देतोय. ठेव मोडू की ईएमआय घेऊ? घरात कुणी नको म्हणत नाही, पण स्वतःच्या हौसेवर एवढे पैसे घालताना अपराधी वाटतं.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो. माझ्याकडे आलेल्या कितीतरी बायकांच्या जमाखर्चात मुलांच्या क्लासचा, नवऱ्याच्या गाडीचा, सासूबाईंच्या औषधांचा रकाना असतो. त्यांच्या स्वतःच्या नावाचा एक रकानाही नसतो. वीस वर्षं पगार घरात देणाऱ्या बाईने ५० हजारांच्या कॅमेऱ्यासाठी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं, हे मला पटत नाही. कॅमेरा जरूर घ्या. कोणता आणि कोणत्या पैशातून, एवढंच आपण ठरवू.

भाच्याचा शब्द मात्र खोडावा लागेल. कॅमेरा ही गुंतवणूक नव्हे. दुकानातून बाहेर आणल्या क्षणापासून त्याची किंमत उतरायला लागते. तो खर्च आहे, आणि खर्च म्हणूनच आनंदाने करावा. ऑर्डरींचं म्हणाल, तर तुम्ही जिल्हा परिषदेच्या नोकरीत आहात. परवानगीशिवाय खासगी धंदा सेवानियमांत बसत नाही. शिवाय रविवार बारशांच्या फोटोंत गेले, तर पाणथळीवर कोण जाणार? "वसूल होईल" हे गृहीत धरून पाच पैसेही जास्त खर्च करू नका.

आता दोन कॅमेऱ्यांच्या किमती. तुम्हाला फरक ५,००० चा दिसतोय आणि डीएसएलआर स्वस्त वाटतोय. हिशेब तिथेच फसतो, आणि माझाही असाच फसला होता. २०१६ मध्ये मी किट लेन्सवाला, म्हणजे खोक्यातच येणाऱ्या साध्या लेन्सचा, डीएसएलआर घेतला. मुलीचे फोटो सुंदर आले. त्या हिवाळ्यात भिगवणला गेलो, नावेतून रोहित पक्ष्यांचे भरपूर फोटो काढले आणि घरी येऊन संगणकावर पाहिले, तर पाण्यावर नुसती गुलाबी रेघ. मग ५५-२५० ची लेन्स घेतली (लेन्सचा दुसरा आकडा जितका मोठा, तितका पक्षी जवळ दिसतो). मग वाटलं, अजून थोडं जवळ यायला हवं. डीएसएलआरच्या बाबतीत खोक्यावरची किंमत हा पहिला हप्ता असतो, आणि पक्षी टिपणाऱ्याला पुढचे हप्ते चुकत नाहीत.

आकड्यांत सांगतो. समजा, एक खंड्या तुमच्यापासून ५० मीटरवर खुंटावर बसलाय. त्याची लांबी साधारण २८ सेंटिमीटर. १८-५५ लेन्स पूर्ण ताणली, तर तेवढ्या अंतरावर फोटोच्या चौकटीत सुमारे २० मीटर रुंदीचा देखावा मावतो. त्यात खंड्या म्हणजे दीड टक्कासुद्धा नाही. ५५-२५० लेन्स लावली, तर चौकट साडेचार मीटरवर येते आणि खंड्या रुंदीचा सहा टक्के भाग व्यापतो. एसएक्स७० च्या शेवटच्या टोकाला तीच चौकट सुमारे १.३ मीटरची होते आणि पक्षी तिचा पाचवा हिस्सा भरतो. डीएसएलआर २४ मेगापिक्सेलचा असला, तरी ५५-२५० ने त्या खंड्याच्या वाट्याला लांबीत पावणेचारशेच्या आसपास पिक्सेल येतात. २० मेगापिक्सेलच्या सुपरझूममध्ये अकराशेच्या आसपास येतात. चोच, डोळा, पंखांवरची निळाई मुलांना वर्गात मोठी करून दाखवायची, तर हा फरक निर्णायक आहे.

डीएसएलआरने तेवढं जवळ जायचं, तर १५०-६०० सारखी लेन्स लागते. ती कॅमेऱ्याच्या दुपटीच्या आसपास जाते, वजन दोन किलोच्या घरात, मग तसाच दणकट ट्रायपॉड. ४३ हजारांपासून निघालेला माणूस दीड लाखाच्या आसपास पोचतो. एसएक्स७० चं वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास आहे. चाळीस मुलांची रांग सांभाळत चापडगावच्या मनोऱ्यावर चढताना गळ्यात काय असावं, ते तुम्हीच ठरवा.

सुपरझूमचे दोषही ऐकून ठेवा, नाहीतर महिन्याभरात हिरमोड होईल. त्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, अगदी लहान असतो. १५००डी चा सेन्सर क्षेत्रफळात त्याच्या जवळजवळ बारा पट मोठा आहे. त्यामुळे धुक्याच्या पहाटे, ढगाळ दिवशी, झाडीतल्या अंधारात सुपरझूमचे फोटो दाणेदार येतात. उडते पक्षी पकडताना त्याची तारांबळ उडते. दलदलीवरून झेपावणारा शिकारी पक्षी टिपायचा असेल, तर डीएसएलआर कितीतरी सरस. शाळेचं स्नेहसंमेलन, घरातलं लग्न, माणसांचे चेहरे, या सगळ्यात डीएसएलआरच जिंकतो. आणि दुपारी पाण्यावर हवा तापून थरथरते तेव्हा ६५ पट झूम असूनही फोटो लिबलिबीत येतो. सुपरझूमने काम सकाळी आठ ते दहा आणि उतरत्या उन्हात करायचं.

पण तुम्ही पत्रात स्नेहसंमेलनाचं नावही काढलेलं नाही. तुम्हाला बसलेला चक्रवाक, चिखलात फिरणारी जांभळी पाणकोंबडी, चित्रबलाकांचा थवा हवाय, आणि लेन्सवर पुन्हा खर्च करायला तुमच्याकडे पैसा नाही. म्हणून तुमच्यासाठी सुपरझूम. घरखर्च भागवून महिन्याला २५ हजार शिल्लक राहणाऱ्या कुणी हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर कदाचित वेगळं दिलं असतं. अर्थात त्यांनाही सांगितलं असतं की कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही, त्यांचा सगळा जोर आता मिररलेसवर, म्हणजे आतला आरसा काढून टाकलेल्या कॅमेऱ्यांवर आहे. डीएसएलआर लगेच निकामी होणार नाही, जुन्या लेन्स स्वस्तात मिळतात हा उलट फायदाच आहे. पण नव्याने शिडी चढायला निघालेल्याने ती कुठे टेकवली आहे, ते पाहावं.

आता पैशाचं. मुदत ठेवीला हात लावू नका. मोडल्यावर बँक व्याजात थोडी कात्री लावते, पण माझं कारण ते नाही. त्या ठेवीवर मुलाच्या प्रवेशाचं नाव लिहिलंय, आणि प्रवेशाची तारीख पुढे ढकलता येत नाही.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल बरेच सल्लागार घाबरवतात. मी खरा आकडा सांगतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. विक्रेता व्याजाएवढी सूट देतो आणि बँक व्याज लावते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र तुम्ही भरता, वर प्रक्रिया शुल्क. व्याजदर १५ टक्के धरला, तर ४८,००० वर बारा महिन्यांत हा जादा खर्च हजाराच्या आत बसतो. रोख घेतल्यावर मिळणारी सूट जाते, ती वेगळी. रक्कम मोठी नाही. भीती दुसरीच आहे. तुमच्या हातात महिन्याला ८,५०० उरतात. त्यातले ४,००० वर्षभर बांधले गेले आणि फेब्रुवारीत अवकाळीने बाग झोडपली, तर एखादा हप्ता राहील. मग कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी धावतं.

आणि ते ६५,००० ही शिल्लक नाही. घरखर्च आणि हप्ता मिळून तुमचा महिना ४९,५०० चा आहे. म्हणजे पगार थांबला, तर घर सव्वा महिना चालेल. शेतीवर अवलंबून असलेल्या घरात निदान तीन महिन्यांची, म्हणजे दीड लाखाच्या आसपास रक्कम बाजूला हवी. यातला रुपयाही कॅमेऱ्यात नको.

मग मार्ग असा. जूनपासून बँकेत ६,५०० रुपयांची आठ महिन्यांची आवर्ती ठेव सुरू करा. पोस्टाची नको, ती पाच वर्षांची असते. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख टाका. उरलेले २,००० त्या ६५,००० मध्ये भर म्हणून जाऊ द्या. जानेवारीचा हप्ता भरला की ५२,००० जमा होतील, वर थोडं व्याज. फेब्रुवारीत कॅमेरा, वेगाचं मेमरी कार्ड, जादा बॅटरी आणि पिशवी, सगळं रोखीने होईल. बॅटरी जादा घ्याच. हिवाळ्यात निफाडचा पारा कुठे जातो ते तुम्हाला सांगायला नको, आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. मध्येच महागाई भत्त्याचा फरक हातात आला, तर कॅमेरा डिसेंबरमध्येच घ्या. द्राक्षांचा पैसा आला, तर तो आधी आणीबाणीच्या रकमेत घाला.

फेब्रुवारी म्हणजे हंगामाचं शेपूट, हे मला कळतं. पाहुणे पक्षी नोव्हेंबरपासून येऊन बसलेले असतात आणि तुम्ही त्यांना मोबाइलमधून बघत राहणार, हे जिवावर येईल. म्हणून डिसेंबरच्या एखाद्या शनिवार-रविवारसाठी नाशिकमधून कॅमेरा भाड्याने आणा. जमलं तर एक दिवस सुपरझूम, एक दिवस ५५-२५० लावलेला डीएसएलआर. भाडं कॅमेऱ्याच्या किमतीपुढे किरकोळ असतं, ते घरखर्चातून घाला. दोन्हींतून एकाच जागेवरून तोच खंड्या टिपा आणि सोमवारी वर्गातल्या मुलांना दोन्ही फोटो दाखवा. मुलांनी आणि तुम्ही डीएसएलआरच्या बाजूने कौल दिला, तर मला पुन्हा लिहा. जुनी बॉडी आणि जुनी लेन्स घेऊन त्याच ५२ हजारांत काय बसतं, ते आपण पाहू.

घेताना पक्कं बिल तुमच्या नावाने आणि भारतातली वॉरंटी हवीच. "बिल नको असेल तर कमी करतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. सुपरझूमच्या लेन्सची नळी मोटरवर पुढे-मागे होते, आणि बिघडली तर दुरुस्ती महाग पडते. दुकानातच झूम चार-पाच वेळा टोकापर्यंत नेऊन परत आणा, काही खरखर होते का ऐका. रस्त्यापलीकडच्या पाटीचा फोटो काढून चारही कोपरे मोठे करून बघा. घरी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, विशेषतः पावसाळ्यात.