आजी 'शांत' झाल्यात म्हणजे नक्की काय झालंय?

वृद्धाश्रम आणि केअर सेंटरवरचे तुमचे मेसेज साठलेत, निम्म्यात तोच गोंधळ आहे म्हणून एकदाच लिहून टाकतो. पेशंट न बघता लिहितोय, तेव्हा हे वाचून परस्पर काही चालू-बंद करू नका.

गुहागरहून एक ताई विचारतात: बाबांना ठेवायचंय त्या ठिकाणी रजिस्ट्रेशन नंबर दाखवला. म्हणजे सरकारमान्य ना?

कसलं रजिस्ट्रेशन ते वाचलंत का? बहुतेकदा तो ट्रस्टचा नंबर असतो, 1950 च्या कायद्याखालचा, धर्मादाय आयुक्तांकडचा. त्यात संस्थेचे विश्वस्त आणि हिशेब येतात, रात्री दोन वाजता बाबांना बाथरूमला कोण नेणार ते येत नाही. सलाईन, ऑक्सिजन, नळीने फीडिंग सगळं करतो म्हणत असतील तर नर्सिंग होमची वेगळी नोंदणी आहे का विचारा. आणि रात्री किती माणसांमागे किती जण जागे असतात ते. 'असतात की दोघंतिघं' हे उत्तर नव्हे, ड्युटीचा तक्ता दाखवा म्हणायचं.

देवरुख: आईला बेडसोर (पडून राहून होणारी जखम) होऊ नये म्हणून रोज खोबरेल चोळतात, एअर बेडही आहे. पुरेसं आहे ना?

नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, एअर बेड असला तरी. माकडहाड, टाचा आणि खुबा रोज उजेडात बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल तर सुरुवात झालीये, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. त्यावर चोळायचं तर अजिबात नाही.

ठाण्याहून एक चाकरमानी: आई दापोलीजवळच्या सेंटरमध्ये आहे. विसरभोळेपणा आहे, आधी रात्री ओरडायची, पळायची. मे महिन्यापासून एकदम शांत झालीये, दिवसभर पडून असते, ते म्हणतात रुळली. गणपतीला येईन तेव्हा डॉक्टरांना दाखवू का?

गणपतीला? दादा, या आठवड्यात दाखवा.

आता थोडं लांब लिहितो कारण हा माझा दुखरा विषय आहे. एका ठिकाणी मी सकाळी अकराला गेलो होतो, व्हरांड्यात सहाजण खुर्च्यांवर ओळीने, माना छातीवर, समोर चहा तसाच, वर साय धरलेली. मालक कौतुकाने म्हणाले, बघा डॉक्टर, कुणाचा त्रास नाही. आत एका आजींचं मनगट जुन्या सुती साडीच्या पट्टीने कॉटला बांधलेलं. का, तर पडतात म्हणून. फाइलमध्ये बघितलं तर झोपेची गोळी 'गरजेनुसार', खाली कुणाची सही नाही, तारीख नाही. गरज कुणाची, आजींची की नाइटला एकट्या असलेल्या मावशींची?

डिमेन्शियाचं, म्हणजे या विसरभोळेपणाच्या आजाराचं, माणूस अचानक बिथरलं की आधी कारण शोधायचं असतं. लघवीचं इन्फेक्शन, चार दिवस साफ न झालेलं पोट, तुंबलेली लघवी, बीपीच्या गोळीने उतरलेलं सोडियम, कुठेतरी दुखत असतं आणि सांगता येत नाही, नाहीतर नुसता चष्मा हरवलेला असतो. यातलं बरंचसं एका तपासणीत सापडतं. पण तपासणीला माणूस लागतं, गोळीला फक्त पाणी. क्वेटियापिन, ओलांझापिन, रिस्पेरिडोन या मनोविकारांवरच्या गटातल्या औषधांनी डिमेन्शियाच्या वयस्कांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2005 मध्येच छापायला लावला. गोळ्या कधीच नकोत असं नाही, मीही देतो, पण कमीत कमी डोस, ठरावीक दिवस, घरच्यांना सांगून, आणि दर थोड्या दिवसांनी अजून लागते का ते बघून. नाहीतर माणूस पेंगतं, पेंगताना घास फुफ्फुसात जातो, उठताना पडतं, खुबा मोडतो, मग अंथरुणाला खिळतं.

तुम्ही आज फोन करून औषधांच्या चार्टचा फोटो मागवा, कुठली गोळी, किती, कधीपासून, कुणी लिहिली. देत नाहीत तर स्वतः या. आणि घाबरून गोळी एकदम बंद करायला सांगू नका, काही गोळ्या अचानक थांबवल्या की फिट येते. तो निर्णय तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचा. मेंदूच्या किंवा मनाच्या विकारांच्या डॉक्टरांना दाखवता आलं तर उत्तम, रत्नागिरीला घेऊन जावं लागलं तरी.

मालवणचे एक काका: घर मुलाच्या नावावर केलं, आता तो आश्रमाचे पैसे देत नाही.

2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करा. बक्षीसपत्रात सांभाळायची अट लिहिली होती का ते वकिलाला दाखवा, त्यावर बरंच अवलंबून आहे. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन.

सावंतवाडी: 'लाइफटाइम' डिपॉझिट आजच भरलं तर वीस टक्के सूट म्हणतात.

आजच भरा म्हणणाऱ्याकडे आज भरू नका. माणूस महिन्यात गेलं किंवा परत आणलं तर किती पैसे मिळणार, कधी, आणि अंथरुणाला खिळल्यावर 'आमच्याकडे नाही ठेवत' म्हणणार का, हे करारात हवं. आधी एक महिना ठेवून बघा. ब्रोशरमधला समुद्र आजोबांना खोलीतून दिसणार नाहीये.

चिपळूणजवळून: पावसाच्या दृष्टीने काय बघावं?

हे विचारणारे तुम्ही पहिलेच. 22 जुलै 2021 चा पूर आपण बघितलाय, तरी झोपून असलेले पेशंट तळमजल्यावर आणि जनरेटरही तळमजल्यावर. पाणी चढलं तर वर कोण उचलून नेणार ते विचारा, आणि जिना स्ट्रेचर वळेल एवढा रुंद आहे का ते स्वतः बघा. ऑक्सिजनची मशीन लागत असेल तर इन्व्हर्टरवर विसंबू नका, भरलेला सिलेंडर हवा. निसर्ग वादळानंतर, जून 2020 मध्ये, कित्येक गावांत दिवसच्या दिवस लाइट नव्हती. इन्सुलिन फ्रिजशिवाय कसं ठेवणार तेही विचारून घ्या. आणि जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असेल तर कठडा आहे का बघा.

घरचे मोदक नेले तर चालतील?

न्या. गिळायला त्रास असेल तर नको, आधी सिस्टरना विचारा.