इंग्रजी आडनावांतला न दिसणारा 'कर'

एका वाचकाने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. इंग्रजी आडनावांत आपल्या 'कर'सारखा प्रत्यय असतो का? वॉशिंग्टन हे आधी गाव की आधी माणूस? आणि मुंबईच्या सँडहर्स्ट रोडमधलं सँडहर्स्ट हे गव्हर्नरचं आडनाव की गाव? तिन्ही प्रश्नांचा धागा एकच आहे, म्हणून उत्तरही एकत्रच देतो.

मंगेशीचे ते मंगेशकर, आंबडव्याचे ते आंबडवेकर. मराठीत 'कर' दिसला की नाव गावाकडून माणसाकडे आलं आहे हे कळतं. इंग्रजीत गावाचं नाव जसंच्या तसं आडनाव होतं, शेवटी काहीच लागत नाही. क्रॉमवेल हे नॉटिंगहॅमशरमधलं गाव, आणि क्रॉमवेल हे आडनावही. पूर्वी मात्र खूण होती, पण ती शब्दाच्या आधी यायची. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर दप्तर लॅटिन आणि फ्रेंचमध्ये लिहिलं जाऊ लागलं आणि कारकून 'अमुक द तमुक' असं लिहायचे. हा 'द' म्हणजे इंग्रजी 'the' नव्हे, फ्रेंच 'de' : 'चा, कडचा'. चौदाव्या-पंधराव्या शतकांत आडनावं वंशपरंपरेने चालू लागली तसा तो 'द' गळून पडला आणि नुसतं गाव उरलं. आपल्याकडे सगळ्यांच्या आडनावांतला 'कर' एका पिढीत पुसला गेला तर जो घोळ होईल, तो तिकडे खरोखर झालेला आहे.

तरीही 'कर'चे दूरचे नातेवाईक इंग्रजीत सापडतात. ससेक्स आणि सरे या दक्षिणेकडच्या भागांत 'अर' लावून आडनावं झाली : ओढ्यापाशी राहणारा तो ब्रूकर, पुलापाशी राहणारा तो ब्रिजर. पण हा 'अर' सहसा गावाच्या नावाला लागत नाही, ओढा, पूल, शेत अशा खुणेला लागतो. शिवाय धंद्याच्या आडनावांतही, म्हणजे बेकर, मिलर वगैरेंत, तोच उच्चार असल्यामुळे नुसत्या शेवटावरून निवाडा होत नाही. दुसरा नातेवाईक आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतच आहे. कॉर्नवॉलिस म्हणजे अक्षरशः कॉर्नवॉलकर! जुन्या फ्रेंच वळणाने केलेलं ते 'कॉर्नवॉलचा' असं विशेषण आहे. त्याच पद्धतीने नॉरिस म्हणजे उत्तरेकडचा, आणि इंग्रजी 'इश' लावून डेव्हनिश म्हणजे डेव्हनचा.

'त्या जागी' या अर्थाचा 'अ‍ॅट' लावूनही आडनावं झाली. रानापाशी राहणारा अ‍ॅटवुड. हा 'अ‍ॅट' कधी 'अ‍ॅटन' असा यायचा आणि त्यातला 'न' पुढच्या शब्दाला चिकटायचा. 'अ‍ॅटन अ‍ॅश', म्हणजे अ‍ॅश नावाच्या झाडापाशी, याचं नॅश झालं आणि ओक झाडांपाशी राहणारे नोक्स झाले. नॅश नावाचं मूळ गाव नकाशावर शोधणारा माणूस म्हणूनच फसतो. नकाशावर नॅश नावाची खेडी मिळतात, पण तीही त्याच चिकटलेल्या 'न'ची लेकरं असतात आणि कुटुंबाचा त्या खेड्याशी संबंध असेलच असं नाही.

गावाच्या नावाची आडनावं ओळखायची तर शेवटचा तुकडा आधी पाहावा. 'टन' म्हणजे 'टाउन' नव्हे. जुन्या इंग्रजीतल्या 'टून'चा मूळ अर्थ कुंपण, मग कुंपणातली जागा, मग शेतघर, मग वस्ती. आपल्या 'वाडी'चा प्रवास असाच आहे, तीही संस्कृतातल्या कुंपणवाचक 'वाट'पासून आलेली. म्हणून नॉर्टन ही उत्तरवाडी, सटन ही दक्षिणवाडी, न्यूटन ही नवी वाडी. 'ली' म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जागा : स्टॅनली ही दगडाळ, ब्रॅडली ही रुंद. 'बी' ही डेन्मार्ककडून आलेल्यांची वस्ती, म्हणून डर्बी, सेल्बी, व्हिटबी ही नावं डॅनिश लोक जिथे स्थायिक झाले त्या उत्तर आणि पूर्व भागांत दाट आहेत. 'बरी' म्हणजे तटबंदीची जागा. 'चेस्टर', 'कॅस्टर', 'सेस्टर' ही रोमन छावणीची, लॅटिन 'कास्त्रा'ची, रूपं.

इथे तुकडा ओळखीचा दिसला म्हणून अर्थ लावून मोकळं होणं ही सगळ्यात मोठी चूक. 'हॅम'चीच गोष्ट घ्या. जुन्या इंग्रजीत 'हाम' म्हणजे घर-वस्ती आणि 'हम्म' म्हणजे नदीच्या वळणातली किंवा पाणथळ जागेतली जमीन, असे दोन वेगळे शब्द होते आणि आज दोन्ही 'हॅम' म्हणून लिहिले जातात. बर्मिंगहॅम पहिल्यातलं, बकिंगहॅम दुसऱ्यातलं. आणि डरहॅममध्ये तर दोन्ही नाहीत. ते मुळात 'डून' म्हणजे टेकडी आणि 'होल्म' म्हणजे बेट, असं आहे. नदीच्या वळणाने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या टेकडीवर हे शहर वसलं आहे, तेव्हा नाव जागेला चपखल बसतं. लिव्हिंगस्टन या स्कॉटलंडमधल्या गावात 'स्टोन' नाही, लेव्हिंग नावाच्या माणसाची ती 'टून' आहे. चर्चिल नावाच्या काही गावांत चर्चचा संबंध नसावा. टेकडीला जुन्या केल्टिक भाषेत 'क्रूग' म्हणत, त्याचा अर्थ विसरलेल्या इंग्रजांनी त्याला पुन्हा आपला 'हिल' जोडला आणि 'टेकडी-टेकडी' असं नाव तयार झालं.

एका अक्षराने किती फरक पडतो तेही पाहा. जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा, ते बापाच्या नावावरून आलेलं. जॉन्स्टन म्हणजे जॉनची वाडी, ते गावावरून आलेलं. मराठीत लिहिताना यातला 'ट' सर्रास गाळला जातो आणि एका कुळाचा माणूस दुसऱ्या कुळात जातो.

आता वॉशिंग्टन. इथे गाव आधी, हे कागदावर सिद्ध आहे. ईशान्य इंग्लंडमध्ये, जुन्या डरहॅम काउंटीत, वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. नावाची फोड अशी : ह्वेसा नावाचा माणूस, त्याला जोडलेला संबंधवाचक 'इंग', आणि 'टून'. म्हणजे ह्वेसाच्या नावावरची वाडी. बाराव्या शतकात विल्यम द हर्टबर्न नावाच्या सरदाराने हे गाव घेतलं आणि तो 'द वॉशिंग्टन' म्हणवू लागला. हर्टबर्न हेही गावच. एक 'कर' टाकून दुसरा 'कर' घेतला, इतकंच. ११८३ च्या बोल्डन बुकमध्ये, म्हणजे डरहॅमच्या बिशपच्या जमिनींच्या नोंदवहीत, वॉशिंग्टन गाव त्याच्याकडे असल्याची नोंद आहे.

शोध घेणारे नेमके इथे अडखळतात. इंग्लंडमधल्या गावाचं वय काढायचं म्हणजे १०८६ चं डूम्सडे बुक, म्हणजे राजाने करवलेल्या जमीनपाहणीची नोंदवही, उघडायची, ही सवय चांगलीच आहे. पण त्या पाहणीत डरहॅम आणि नॉर्थम्बरलंड घेतलेलेच नव्हते, लंडन आणि विंचेस्टरही नाहीत. त्यामुळे 'डूम्सडेमध्ये नाव नाही म्हणजे गाव नंतरचं' हा निष्कर्ष उत्तरेत साफ चुकतो. तिथे बोल्डन बुक पाहावं लागतं.

पुढे याच घराण्याची एक शाखा नॉर्थॅम्प्टनशरमधल्या सल्ग्रेव्हला गेली, तिच्यातला जॉन वॉशिंग्टन सतराव्या शतकाच्या मध्यावर व्हर्जिनियात पोचला, त्याचा पणतू जॉर्ज. त्याच्या नावावरून १७९१ मध्ये अमेरिकेच्या नव्या राजधानीचं नाव ठरलं. म्हणजे ह्वेसा माणूस, वॉशिंग्टन गाव, वॉशिंग्टन माणूस आणि पुन्हा वॉशिंग्टन शहर. प्रश्नकर्त्याने 'आधी काय' विचारलं, तर या साखळीत सर्वांत आधी माणूसच आहे, फक्त त्याचं नाव वॉशिंग्टन नव्हतं.

कुठल्याही आडनावासाठी दिशा ठरवायची असेल तर मी या क्रमाने जातो. त्या नावाचं गाव आहे का, आणि त्याची सर्वांत जुनी नोंद कोणत्या सालची, कोणत्या स्पेलिंगची, हे पहिलं. आजचं स्पेलिंग मुळीच प्रमाण मानू नये. मग त्या आडनावाच्या जुन्या माणसांना 'द' लावलेला आहे का ते पाहावं. १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्या याला उत्तम, कारण त्यांत सामान्य माणसं भेटतात. त्यानंतर १८८१ च्या जनगणनेत ते आडनाव कुठे दाट आहे हे पाहावं. एकाच गावावरून आलेलं आडनाव बहुधा त्या गावाच्या आसपासच्या काउंटींत गोळा झालेलं दिसतं. खुद्द गावात ते कमी असलं तर बिचकू नये. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? गाव सोडल्यावरच माणूस 'कर' होतो, आपल्याकडेही. आणि आडनाव देशभर विखुरलेलं असेल तर एक मूळ शोधण्याचा हट्ट सोडावा. सटन, नॉर्टन, न्यूटन नावाची गावं कितीतरी आहेत, एका न्यूटनचा दुसऱ्या न्यूटनशी संबंध असायचं कारण नाही.

उलट्या दिशेचं, म्हणजे माणसाचं नाव इंग्लंडमधल्या गावाला लागल्याचं, माझं आवडतं उदाहरण मिल्टन कीन्स. मिल्टन म्हणजे मधली वाडी. अशा मिल्टन पुष्कळ, म्हणून ओळख पटावी यासाठी मालक घराण्याचं नाव मागे जोडलं. ते घराणं 'द काहेन्य', नॉर्मंडीतल्या काहान्य गावचं. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञाचं आडनावही त्याच मुळाचं आणि त्याच स्पेलिंगचं, पण गावाचा उच्चार 'कीन्स' आणि माणसाचा 'केन्स'. मराठीत दोन्ही वेगळे लिहिणं हेच बरोबर. मेल्टन मोब्रे, स्टोक मँडव्हिल ही गावंही अशीच : पहिला शब्द गावाचा, दुसरा मालकाचा.

काही नावं तर गावातून माणसात आणि माणसातून थेट शब्दकोशात गेली. बॉयकॉट हे खेड्याचं नाव, 'बोया नावाच्या माणसाची झोपडी' असा त्याचा अर्थ. त्यावरून आडनाव. त्या आडनावाचा कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट आयर्लंडच्या मेयो काउंटीत जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये कुळांनी आणि गावकऱ्यांनी त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले आणि त्याचं आडनाव क्रियापद झालं.

आता सँडहर्स्ट. याचं उत्तर 'आडनाव नव्हे' असं आहे. १८९५ ते १९०० या काळात, म्हणजे प्लेगच्या दिवसांत, मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड सँडहर्स्टचं आडनाव मॅन्सफील्ड होतं. सँडहर्स्ट ही त्याच्या वडिलांना १८७१ मध्ये मिळालेली पदवी, बर्कशरमधल्या गावावरून घेतलेली : 'सँड' म्हणजे वाळू, 'हर्स्ट' म्हणजे झाडी असलेला उंचवटा. गंमत अशी की मॅन्सफील्ड हेही गावच आहे, नॉटिंगहॅमशरमधलं, मॉन नदीकाठचं. एका गावचं आडनाव आणि दुसऱ्या गावची पदवी असलेला माणूस मुंबईत स्टेशन होऊन राहिला.

मुंबई-पुण्याची जुनी इंग्रजी नावं वाचताना ही गल्लत सतत होते, म्हणून एक नियम ठेवावा. 'लॉर्ड'च्या लगेच पुढे येणारं नाव बहुधा पदवी असते. ती कधी आडनावावरून घेतलेली असते, पण पुष्कळदा गावावरून. हॅरिस शील्डचा लॉर्ड हॅरिस आडनावानेही हॅरिसच, म्हणजे हॅरीचा मुलगा. पण रे रोडचा लॉर्ड रे आडनावाने मॅके. रे हे स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडचं गाव. पुण्याची महात्मा फुले मंडई आधी रे मार्केट होती, तीही त्याच गावाच्या नावाची.

पदवीसाठी गाव कसं निवडलं जाई, याचा सर्वांत बोलका नमुना असईच्या लढाईतून आपल्याला परिचित आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठ्यांशी लढलेला आर्थर वेल्स्ली. हे आडनाव सॉमरसेटमधल्या वेल्स गावाजवळच्या वेल्स्ली या जागेवरून आलेलं. पण घराणं मुळात कॉली. आर्थरच्या आजोबांनी वारशासोबत 'वेस्ली' हे नाव घेतलं आणि १७९८ मध्ये घराण्याने त्याचं जुनं रूप 'वेल्स्ली' पुन्हा धरलं. १८०९ मध्ये आर्थरला पदवी द्यायची ठरली तेव्हा तो स्पेनमध्ये होता. इकडे त्याच्या भावाने नकाशा पाहिला, आडनावाशी जुळणारं सॉमरसेटमधलंच वेलिंग्टन निवडलं आणि कळवून टाकलं. दोन नावांचं साम्य केवळ कानाला लागणारं आहे. वेल्स हे झऱ्यांवरून, तर वेलिंग्टनमध्ये वेओला नावाच्या माणसाची वाडी असावी. न्यूझीलंडची राजधानी, निलगिरीतली छावणी आणि मुंबईतलं कारंजं हे सगळं अशा रीतीने भावाच्या बोटाखाली आलेल्या एका गावाचं नाव घेऊन उभं आहे.

राहिला लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ चा गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन. पदवी स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशरच्या लॅमिंग्टन गावाची, आणि ते गाव बाराव्या शतकात तिथे येऊन वसलेल्या लँबिन नावाच्या फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, माणसाची वाडी. नावात 'वॉशिंग्टन'सारखा 'इंग' दिसतो, पण तो इथे लँबिनच्याच शेवटातून घडलेला आहे. आज त्या रस्त्यावर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग अशी पाटी आहे, आणि तिच्यात 'कर' स्पष्ट वाचता येतो.