कुशच्या राजांना 'फॅरो' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की आजच्या सुदानमधल्या कुश राज्याच्या राजांना 'काळे फॅरो' म्हणतात ते बरोबर आहे का, की फॅरो फक्त इजिप्तच्याच राजाला म्हणायचं? आणि हा कुश म्हणजे लव-कुशातला कुश का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण ते छोटं आहे. नाही. कुश हे नाव इजिप्तच्या लेखांत इ.स.पू. १९०० च्या आसपासपासून दक्षिणेकडच्या नूबियातल्या राज्यासाठी येतं, आणि आपला कुश हा संस्कृत शब्द, तेच कुश नावाचं गवत. उच्चार जुळला एवढंच, त्यावर इतिहास रचू नये, कृपया.

आता फॅरो. मूळ इजिप्शियन शब्द साधारण 'पेर-आ', पेर म्हणजे घर आणि आ म्हणजे मोठं, म्हणजे राजवाडाच. आपल्याकडे 'वाड्यावरून निरोप आला' म्हटलं की निरोप भिंतींनी नाही धाडलेला हे सगळ्यांना कळतं, तसंच तिकडे झालं आणि थुटमोस तिसरा वगैरेंच्या काळापासून, म्हणजे इ.स.पू. पंधराव्या शतकापासून, हा शब्द थेट राजासाठी वापरात आला. नावाला जोडून 'फॅरो अमुक' असं लिहायची पद्धत तर आणखी पाचेकशे वर्षांनी पडली. त्यामुळे मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूला त्याच्या हयातीत कोणी फॅरो म्हटलं नसणार, त्याची अधिकृत पदवी 'नेसू-बिती', वरच्या आणि खालच्या इजिप्तचा राजा. हिब्रू आणि ग्रीकमधून हा शब्द जगभर गेला, अरबीत फिरौन झाला, मराठी बायबलमध्ये फारो आहे. मला स्वतःला 'फारो' जास्त आवडतं, ग्रीक 'फाराओ'च्या जवळचं आहे आणि मराठीत आधीपासून छापलेलं आहे, पण 'फॅरो' आता इतकं रुळलंय की त्याला चूक म्हणणार नाही.

मग कुशचे राजे? इथे त्यांची राजधानी कुठे होती ते बघावं लागतं, सगळा उलगडा तिथेच होतो. कुशचा राजा पिये याची राजधानी नपाता, नाईलच्या चौथ्या प्रपाताजवळ, जेबेल बर्कल डोंगराच्या पायथ्याशी, आमोन देवाचं मोठं देऊळ तिथेच. इ.स.पू. ७२८ च्या सुमारास त्याने उत्तरेत इजिप्तच्या जुन्या राजधानीपर्यंत, मेम्फिसपर्यंत, मुसंडी मारली आणि तिथल्या राजांना शरण आणलं. त्याचा विजयलेख जेबेल बर्कललाच सापडला, त्यात एक जागा मला फार आवडते, हर्मोपोलिस शहर पडल्यावर तो तबेल्यात जातो आणि घोडे उपाशी ठेवलेले बघून तिथल्या राजावर इतका भडकतो की बाकीच्या अपराधांपेक्षा हाच त्याला जास्त लागतो. एवढं सगळं जिंकून हा माणूस परत नपाताला गेला! मेम्फिसमध्ये बसून राज्य करणं त्याच्यानंतरच्या राजांपासून सुरू झालं. तहार्का (इ.स.पू. ६९० ते ६६४) याचा राज्याभिषेकही मेम्फिसचाच. हे सगळे म्हणजे इजिप्तचं पंचविसावं राजघराणं, इजिप्शियन राजांसारखी पाच नावं, दोन्ही भूमींचे स्वामी ही पदवी, मुकुटावर एकाऐवजी दोन नाग. यांना फॅरो म्हणण्यात काहीच चूक नाही. 'काळे' हे विशेषण मात्र मला खटकतं, त्यांनी स्वतःला असं कुठे म्हटलेलं नाही, हे नंतर लोकांनी लावलेलं लेबल. 'कुशी घराणं' म्हणा, सरळ आणि बरोबर.

गंमत म्हणजे बायबलमध्ये इजिप्तचा राजा नेको याला 'फारो' म्हटलंय पण तहार्काला 'कूशचा राजा तिर्हाका', म्हणजे शेजाऱ्यांच्या डोळ्यांत तो शेवटपर्यंत दक्षिणेचाच राहिला. इ.स.पू. ६७१ मध्ये असिरियाच्या एसरहद्दोनने मेम्फिस घेतलं, पुढे दक्षिण इजिप्तमधलं थीब्ज शहरही लुटलं गेलं, आणि तहार्कानंतर आलेल्या तंतमानीनंतर कुशी राजे इजिप्तमधून कायमचे बाहेर.

राज्य काही संपलं नाही, उलट पुढे जवळपास हजार वर्षं चाललं, आणि राजसत्तेचं केंद्र आणखी दक्षिणेला मेरोई शहराकडे सरकलं. तिथल्यांनी स्वतःची लिपी काढली आणि तिच्यात राजासाठी शब्द येतो 'कोरे'. राजघराण्यातल्या मोठ्या स्त्रीला, कधी स्वतः राज्य करणाऱ्या राणीलाही, 'कांदाके'. ही पदवी आहे हे न कळल्यामुळे बाहेरच्या अनेकांनी ते राणीचं नावच समजलं, इंग्रजीतलं कँडिस हे मुलीचं नाव त्यातूनच आलंय. ऑगस्टसच्या रोमशी लढलेली अमानिरेनास अशीच एक कांदाके. आता देवळांवर इजिप्शियन लिपीत कोरताना हे लोक जुन्या इजिप्शियन पदव्याही वापरत राहिले, त्यामुळे रेघ अगदी काटेकोर ओढता येत नाही, पण मेरोईच्या राजाबद्दल लिहिताना मी तरी कोरे किंवा नुसतं राजा लिहीन, फॅरो नाही.

आणि जुन्या ग्रीक मजकुराचं भाषांतर करत असाल तर अजून एक लक्षात ठेवा, त्यातली 'इथिओपिया' बहुतेक वेळा हीच कुशची भूमी असते, आजचा अदिस अबाबावाला देश नव्हे, तेव्हा तिथे 'कुश' लिहा नाहीतर निदान एक टीप टाका.