निऑन टेट्रा, गप्पी आणि कोरीडोरस हे मासे एकाच टाकीत आहेत. सगळ्यांना एकच खाद्य चालेल का?

नाही चालणार. तुम्ही लिहिलंय की तिघांनाही एकाच डब्यातले फ्लेक्स (पातळ पापुद्र्यांचं कोरडं खाद्य) घालता, गप्पी गुटगुटीत झालेत, कोरीडोरस मात्र खंगत चाललेत आणि पाणी सारखं गढूळ होतं. वरच्यांना जास्त होतंय आणि खालच्यांपर्यंत पुरेसं पोचतच नाही, हे त्यामागचं कारण दिसतंय.

डब्यावर काय छापलंय ते नंतर वाचा, आधी माशाचं तोंड बघा. गप्पीचं तोंड वर वळलेलं असतं, तो पृष्ठभागावरचं टिपतो. निऑनचं तोंड समोर आणि अगदी चिमुकलं. मधल्या पाण्यातून सावकाश खाली येणारा बारीक कण त्याला हवा, म्हणून फ्लेक्स बोटांनी चुरून घाला. कोरीडोरसचं तोंड खालच्या बाजूला, मिशा वाळूत. त्याला बुडणाऱ्या गोळ्याच लागतात.

कोरीडोरसबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. 'हा मासा टाकी साफ ठेवतो, उरलंसुरलं खातो' असं मला सांगितलं गेलं आणि मी ते खरं मानलं. दोन महिन्यांत त्यांची पोटं खपाटीला गेली. दिवा मालवल्यावर बुडणारी गोळी टाकायला लागलो, तेव्हा बाकीचे सुधारले, एक मात्र वाचला नाही. त्याची रुखरुख अजून आहे. कोणताही मासा विष्ठा खाऊन जगत नाही. त्याला त्याचं स्वतःचं जेवण द्यावंच लागतं.

तोंडानंतर आतडं. गप्पी आणि त्याच्याच जातकुळीतला मॉली शेवाळ, वनस्पती बऱ्यापैकी खातात, त्यांना स्पिरुलिना (एक निळं-हिरवं शेवाळ) असलेलं खाद्य मानवतं. उकळत्या पाण्यातून काढलेला काकडीचा काप किंवा साल काढलेला मटारही चालतो. बेटा, म्हणजे फायटर मासा, मुळात किडे खाणारा, त्याला प्रथिनं भरपूर हवीत. पुढे कधी बार्ब किंवा डॅनिओ हे मासे आणलेत तर लक्षात ठेवा, त्यांना जठरच नसतं. एकदम पोटभर घालण्यापेक्षा दिवसातून दोनदा थोडंथोडं घातलेलं त्यांना पचतं.

डबा घेताना घटकांची यादी बघा. मासे, कोळंबी, क्रिल (कोळंबीसारखा छोटा समुद्री जीव) यांतलं काही सुरुवातीला असेल तर ठीक. गव्हाचं पीठच पहिलं असेल तर मी तो परत ठेवतो. आणि मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. उघडल्यावर हवा, ओल आणि उजेड यांनी त्यातली जीवनसत्त्वं, विशेषतः 'क', कमी होत जातात. दोन-तीन महिन्यांत संपेल एवढाच घ्या आणि झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवा.

आठवड्यातून एकदा-दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), डॅफ्निया (पाणपिसवा) किंवा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव) द्या. डॅफ्नियाच्या कवचाने पोट साफ राहायला मदत होते. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल कृमी, मात्र मी आणत नाही. ते घाण पाण्यात वाढतात आणि सोबत रोग येण्याची भीती असते.

आता गढूळ पाणी. न खाल्लेलं अन्न कुजतं, त्यावर जिवाणू माजतात आणि पाणी दुधाळ दिसतं. त्याच कुजण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांचे कल्ले जाळतो. म्हणून फ्लेक्स दोन मिनिटांत फस्त होतील एवढेच. मासे काचेशी येऊन मागतात तेव्हा हात आवरणं अवघड जातं, पण तो त्यांचा स्वभाव आहे, दर वेळी भूक नसते. धडधाकट मोठ्या माशांना आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी काही होत नाही.

आज रात्री दिवा मालवल्यावर कोरीडोरससाठी एकच बुडणारी गोळी टाका. सकाळी उरलेली दिसली तर काढून टाका आणि उद्या अर्धीच घाला.