कृषिमंत्री बदलला की आपलं काय बदलतं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : गेल्या दहा-अकरा वर्षांत राज्याला किती कृषिमंत्री झाले? त्यात आपल्या मराठवाड्याचे किती? आणि प्रत्येकाच्या मागं वाद कसा काय लागतो? (औसा, जि. लातूर)

ऑक्टोबर 2014 च्या सत्तांतरापासून मोजू, मधला काही दिवसांचा तात्पुरता कारभार सोडून. एकनाथ खडसे, पांडुरंग फुंडकर, फुंडकरांच्या निधनानंतर अतिरिक्त कारभार म्हणून चंद्रकांत पाटील, मग अनिल बोंडे, दादाजी भुसे, अब्दुल सत्तार, धनंजय मुंडे, माणिकराव कोकाटे आणि 31 जुलै 2025 पासून दत्तात्रय भरणे. म्हणजे अकरा वर्षांत नऊ नावं. त्यातले सिल्लोडचे सत्तार (ऑगस्ट 2022 ते जुलै 2023) आणि परळीचे मुंडे (जुलै 2023 ते नोव्हेंबर 2024) हे दोघं मराठवाड्याचे, आणि तेही लागोपाठ. सव्वादोन वर्षं खातं आपल्याकडंच होतं.

आता वादांचं. खडसेंनी जून 2016 मध्ये राजीनामा दिला तो भोसरीच्या औद्योगिक भूखंडावरून. सत्तारांवर वाशीमच्या गायरानाचं प्रकरण आलं, पण तो निर्णय ते महसूल राज्यमंत्री असतानाचा होता. सिल्लोडच्या कृषी महोत्सवासाठी खात्यातल्या अधिकाऱ्यांना वसुली लावल्याचा आरोप डिसेंबर 2022 च्या नागपूर अधिवेशनात गाजला. सत्तारांनी तो नाकारला. कोकाटेंना फेब्रुवारी 2025 मध्ये नाशिकच्या न्यायालयानं दोन वर्षांची शिक्षा सुनावली ती 1995 च्या सरकारी कोट्यातल्या सदनिकांवरून, आणि ते प्रकरण पुढं अपिलात गेलं. या सगळ्यात बियाणं, खत, विमा, ठिबक कुठंच नाही. गाजतं ते वेगळं आणि शेतकऱ्याच्या खिशाला लागतं ते वेगळं. खालचे प्रश्न त्या दुसऱ्या बाजूचे आहेत.

प्रश्न : मुंडे साहेबांचा राजीनामा फवारणी पंपाच्या खरेदीवरून झाला असं गावात सांगतात. खरं काय? (केज, जि. बीड)

नाही. 4 मार्च 2025 ला त्यांनी राजीनामा दिला तेव्हा त्यांच्याकडं अन्न व नागरी पुरवठा खातं होतं. संदर्भ होता मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनाचा. त्या गुन्ह्यात मुंडे आरोपी नाहीत, त्यांचे निकटवर्तीय आहेत.

खरेदीचा वाद त्याआधीच्या महिन्यातला. त्यांच्या कृषिमंत्रिपदाच्या काळात नॅनो युरिया, नॅनो डीएपी, बॅटरीचे फवारणी पंप, मेटाल्डिहाइड (गोगलगायी मारायच्या गोळ्या) आणि कापूस साठवायच्या बॅगा जादा दरानं घेतल्या, घोटाळा 88 कोटींचा आहे, असा आरोप सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी केला. मुंडेंनी तो फेटाळला. या खरेदीच्या निर्णयाविरुद्धच्या याचिका जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयानं फेटाळल्या.

उच्च न्यायालयापुरती कायद्याची बाजू तिथं संपली. पण मूळ मुद्दा समजून घ्या, कारण तो पुढच्या मंत्र्याच्या काळातही येणारच. डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयानं धोरण ठरलं की वस्तू वाटायची नाही, अनुदान थेट खात्यावर टाकायचं. यात शेतकरी स्वतः दुकान निवडतो, घासाघीस करतो, पंप बिघडला तर त्याच दुकानदाराला धरतो. पण आधी पूर्ण पैसे मोजावे लागतात, अनुदान मागाहून येतं. ज्याच्याकडं पेरणीलाच उसनवारी, तो इथंच गळतो. शिवाय माल न घेता नुसतं बिल फाडणारेही निघतात. सरकारी खरेदीत गरिबाला वस्तू हातात मिळते, पण कंपनी, दर आणि तारीख तिघंही मुंबई-पुण्यात ठरतात.

तारखेचंच बघा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या गोगलगायीसाठी. 2022 मध्ये लातूर, बीड, धाराशिवमध्ये गोगलगायींनी सोयाबीनचे कोंब ओळीनं फस्त केले, लोकांनी दुबार पेरली. ही गोळी एकरी 2 किलो, संध्याकाळी, बांधाच्या कडेनं आणि ओळींमधून टाकायची, तीही रोप दोन-चार पानांवर असताना. गोळी ऑगस्टात हातात पडली तर दर कितीही स्वस्त असला तरी उपयोग शून्य. म्हणून अशा खरेदीत पहिला प्रश्न विचारायचा तो ‘गोदामात कधी आलं आणि तालुक्याला कधी पोचलं’ हा. माहितीच्या अधिकारात जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याकडं साठा नोंदवहीची प्रत मागता येते. दराची चर्चा त्यानंतर.

प्रश्न : विधानपरिषदेत रमी खेळताना दिसले त्या कृषिमंत्र्यानंच एक रुपयाचा विमा बंद केला ना? सप्टेंबर 2025 मध्ये आमचं सोयाबीन आठ दिवस पाण्यात होतं, कंपनी तक्रारच घेईना. (अहमदपूर, जि. लातूर)

चित्रफीत जुलै 2025 ची. आपण खेळत नव्हतो, मोबाइलवर आलेली जाहिरात बंद करत होतो, असा कोकाटेंचा खुलासा होता. महिनाअखेर त्यांचं खातं बदलून क्रीडा दिलं गेलं. त्याआधी फेब्रुवारीत, भिकारीही एक रुपया घेत नाही आणि आम्ही रुपयात विमा दिला, अशा आशयाचं त्यांचं बोलणं गाजलं होतं. ही दोन्ही प्रकरणं गावोगाव पोचली. विम्याच्या अटी मात्र कुणी वाचल्या नाहीत.

एक रुपयाची योजना 2023 च्या खरिपापासून आली आणि एप्रिल 2025 अखेर मंत्रिमंडळानं ती गुंडाळली. निर्णय मंत्रिमंडळाचा होता, एकट्या मंत्र्याचा नव्हे. कारण बोगस अर्ज. शेतकऱ्याला रुपया लागायचा, पण अर्ज भरणाऱ्या केंद्राला एका अर्जामागं 40 रुपये मिळायचे. मग गायरानावर, देवस्थानाच्या जमिनीवरही विमा उतरला. यात नवल ते काय?

2025 च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकांना 5 टक्के झाला. त्याहून मोठा बदल दुसरा. स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, पेरणीच न होणं आणि काढणीनंतरचं नुकसान, ही चारही संरक्षणं काढली. ‘72 तासांत कळवा’ ही आपली सवय त्या हंगामात निरुपयोगी झाली, म्हणून तुमची तक्रार घेतली नाही. आणि नेमका त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाडा बुडाला.

त्यामुळं 2025 च्या खरिपात भरपाई राहिली ती फक्त महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर. हिशेब असा : मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिचे 70 टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. समजा सरासरी हेक्टरी 1500 किलो, तर उंबरठा 1050. मंडळाचं उत्पादन 700 आलं तर तूट 350 किलो, म्हणजे उंबरठ्याच्या एक तृतीयांश. संरक्षित रक्कम हेक्टरी 50,000 असेल तर साधारण 16,667 रुपये. मंडळ 1100 वर राहिलं तर शून्य, मग नदीकाठच्या तुमच्या रानात एक शेंगही राहिलेली नसो.

म्हणून सगळा खेळ पीक कापणी प्रयोगाचा. मंडळात एका पिकाचे किमान 10 प्रयोग होतात, सर्व्हे नंबर आधीच चिठ्ठीसारखे निवडलेले असतात. सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (म्हणजे पूर्वीचे कृषी सहायक) गट नंबर आणि तारीख विचारून घ्या आणि त्या दिवशी बांधावर उभे राहा. प्लॉट ठरलेल्या जागीच टाकला का, दोरी ताणून मोजली का, काटा शून्यावर होता का, एवढं बघा. ओल्या शेंगांचं वजन तसंच लिहिलं की उत्पादन फुगतं, त्यामुळं ओलाव्याची वजावट झाली का ते विचारा. भरलेल्या नमुन्याचा फोटो सही होताच काढा. सोयाबीन-कापसाला उपग्रहावरच्या अंदाजाचंही वजन धरतात, तिथं आपला इलाज चालत नाही. तेवढ्यासाठी तरी कापणीची बाजू पक्की हवी. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून केलेल्या पिकाच्या नोंदीत) वेगळं पीक दिसलं तर अर्जच रद्द होतो, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : मग अतिवृष्टीचे पैसे कृषिमंत्र्यांकडं मागायचे का? (पूर्णा, जि. परभणी)

नाही, ते मदत व पुनर्वसन खातं. पंचनाम्याच्या सहीत कृषीचा माणूस असतो, पण पैसा तहसीलमधून येतो. 2025 च्या अतिवृष्टीत दर होते जिरायत हेक्टरी 8,500, बागायत 17,000, बहुवार्षिक 22,500, मर्यादा 3 हेक्टर. नुकसान 33 टक्क्यांच्या वर लागतं. त्यावर रब्बीसाठी हेक्टरी 10,000 वेगळे. यादीत नाव असून पैसे अडले असतील तर विशिष्ट क्रमांक घेऊन ई-केवायसी झाली का ते तपासा. शेतकरी ओळख क्रमांक असला तर ती बहुतेक लागत नाही.

प्रश्न : सोयाबीन हमीभावानं घेईनात. निवेदन कुणाला द्यावं? (सेनगाव, जि. हिंगोली)

कृषिमंत्र्याला देऊन फोटो निघेल, वजन होणार नाही. हमीभाव (2025-26 साठी क्विंटलला 5,328 रुपये) केंद्र ठरवतं आणि खरेदी केंद्रं पणन खात्याच्या यंत्रणेतून चालतात. निवेदन जिल्हा पणन अधिकाऱ्याला, प्रत जिल्हाधिकाऱ्याला. माल परतवला तर कारण आणि ओलाव्याचा आकडा लेखी घ्या. निकष 12 टक्क्यांचा. 14 दाखवला तर दोन दिवस ताडपत्रीवर पातळ पसरून, दुपारी हलवून, पुन्हा नेता येतं. लेखी कारण नसेल तर मात्र वर कुठंही काही चालत नाही.