ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइडचा १९६८ चा दुसरा अल्बम, ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’, इतका विचित्र का वाटतो?

कारण तो करताना बँडच बदलत होता भावा. तोवर बहुतेक गाणी लिहिणारा सिड बॅरेट मधेच बाहेर पडला, डेव्हिड गिल्मोर आला. जवळपास १२ मिनिटांचं शीर्षकगीत (गीत कसलं, शब्दच नाहीत!) बासिस्ट रॉजर वॉटर्स आणि ड्रमर निक मेसननं आधी कागदावर आखलं, घराचा नकाशा काढावा तसं, दोघंही आर्किटेक्चर शिकलेले. गिल्मोरनं गिटार जमिनीवर आडवी ठेवून तारांवरून माइक स्टँडचा पाय फिरवला. निर्माता नॉर्मन स्मिथला हे काही पटलं नव्हतं, तरी ब्रिटनमध्ये अल्बम ९ व्या क्रमांकावर गेला.

कोल्हापुरात राजारामपुरीत मित्राच्या खोलीवर लावला होता, तर खालून काकू ओरडल्या, “मिक्सर बंद करा रे तो!” त्या शीर्षकगीताची शेवटची तीन-चार मिनिटं मात्र, ऑर्गनची, रात्री रंकाळ्यावर हेडफोन लावून ऐक. नाद खुळा.