आयुष्यभर कष्ट केलेलं शरीर सेप्टिक शॉक जास्त सहन करतं का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की रावेरकडे केळीच्या बागेत मे महिन्याच्या 45 डिग्रीत आयुष्यभर राबलेल्या वडिलांचं शरीर ताण सोसून कणखर झालेलं असणार, मग उद्या इन्फेक्शन रक्तात गेलंच तर ते सेप्टिक शॉक, म्हणजे इन्फेक्शनमुळे बीपी कोसळणं, झेलतील का. मी जळगावला आयसीयूत नर्स आहे, नातेवाईक हेच वेगळ्या शब्दात विचारतात, "सिस्टर, बाबांना कधी साधा ताप आला नाही, मग एकदम एवढं कसं?" ताण कोणता, किती, आणि इन्फेक्शनच्या किती आधी, यावर सगळं आहे.

तुमच्या बाजूने बोलणारे प्रयोग आहेत बरं का. उंदरांचं अंग 42 डिग्रीच्या आसपास थोडा वेळ तापवलं, मग त्यांना नीट सावरू दिलं आणि दुसऱ्या दिवशी एंडोटॉक्सिन म्हणजे जंतूंच्या कवचातलं विष टोचलं, तर न तापवलेल्या उंदरांपेक्षा ते जास्त जगले. पेशी तापल्या की हीट शॉक प्रोटीन बनवतात (रितोसा नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाला 1962 मध्ये फळमाशीत याचा पहिला माग लागला), ती बिघडलेली प्रोटीन सावरतात आणि शरीराची सूज, म्हणजे आतली दाहाची प्रतिक्रिया, पेटवणारे सिग्नलही दाबतात, आणि सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनतं तेव्हा, जंतूंइतकंच नुकसान आपल्याच शरीराच्या या बेताल प्रतिक्रियेने होतं म्हणून त्याचा फायदा दिसतो. पण हे संरक्षण थोड्या दिवसांचं, जन्मभराचं नाही. आणि क्रम उलटा झाला, म्हणजे आधी सूज पेटली आणि मग उष्णतेचा मार बसला, तर पेशी उलट जास्त मरतात. त्यामुळे उन्हात राबून शरीर तयार होतं हा अर्थ यातून काढू नका. ऊन लागतं तेव्हा रक्त कातडीकडे वळतं, आतड्याला कमी पडतं, आतड्याचं अस्तर झिरपायला लागतं आणि तिथलं तेच एंडोटॉक्सिन रक्तात येतं.

मोठा अपघात, भाजणं, खूप रक्त जाणं, मोठं ऑपरेशन हे पण ताणच, पण त्यानंतर लगेच इन्फेक्शन झालं तर तो दुसरा घाव असतो. पहिल्या घावाने पांढऱ्या पेशी आधीच थकलेल्या असतात, प्रतिक्रिया मंद झालेली असते, वरून बघणाऱ्याला पेशंट शांत वाटतो आणि आत जंतूंना रान मोकळं.

आता जे मला खरं सांगायचंय ते. ताण सोसायचं मुख्य काम किडनीवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी करतात, त्यांचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बीपी धरून ठेवतं आणि सुजेला लगाम घालतं. या ग्रंथी काढलेले उंदीर एंडोटॉक्सिनच्या अगदी थोड्या डोसने मरतात. आपल्याकडे गुडघे दुखतात म्हणून गावातून आणलेल्या पुड्या आणि बिननावाच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे भरपूर, कष्टाळू माणसंच जास्त, कारण दुखतं त्यांनाच आणि रोज बुडवून चालत नाही. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की ग्रंथी झोपी जातात आणि ऐन वेळी कॉर्टिसोल निघत नाही. सेप्टिक शॉकमध्ये सलाईन देऊनही बीपी राहत नाही, सरासरी प्रेशर 65 ला धरायला नॉरॲड (नॉरॲड्रिनॅलिन, बीपी वाढवणारं औषध) चालू ठेवावं लागतं, रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन नीट मिळत नसला की वाढणारं आम्ल) 2 च्या वर असतं. नॉरॲड वाढवूनही बीपी धरत नसेल तर डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषध म्हणून दिलेलं कॉर्टिसोलच, लावतात, साधारण दिवसाला 200 मिलिग्रॅम.

वडील अशा गोळ्या घेत असतील तर एकदम बंद करू नका, ते पण धोक्याचं, फिजिशियनला दाखवून हळूहळू कमी करायच्या. शुगर तपासून घ्या. विळ्याची जखम हळद भरून आठवडाभर अंगावर काढायची सवय असेल तर ती मोडा. श्वास जोरात चालायला लागला, बोलणं बरळल्यासारखं झालं, लघवी कमी झाली की ताप नसला तरी निघा, म्हाताऱ्या माणसात ताप येतोच असं नाही. शॉकमध्ये अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला पाहिजे, म्हणून गावात दोन सलाईन लावून सकाळपर्यंत वाट बघू नका. आणि येताना त्या गोळ्यांचं पाकीट, पुडी, जे असेल ते सोबत आणा, आम्ही कोणी रागावत नाही.